चेहरा पाहायला वेळ लागतो

"कंप्युटरवर काढलंय ना, मग त्यात काय एवढं?" हे वाक्य हल्ली मी फार ऐकतो. लग्नपत्रिकेवरचं चित्र असो, पुस्तकाचं मुखपृष्ठ असो, नाहीतर कुणाच्या दिवंगत वडिलांचं व्यक्तिचित्र असो, ते कागदावर ब्रशने काढलेलं नसून काचेवर पेन फिरवून काढलं आहे असं कळलं की बघणाऱ्याचा आदर निम्म्याने उतरतो. आणि द्यायची किंमत तर त्याहून खाली येते! मला हे पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर सांगावं म्हणून आज लिहायला बसलो आहे. मी चित्रकार नव्हे. नातेपुत्याच्या परिसरात मुलांना मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. हातात खडू होता, पण त्यातून फळ्यावर अक्षरांपलीकडे कधी काही उमटलं नाही. तेव्हा हे एका बघ्याचं म्हणणं आहे असं समजून वाचावं.

माझा एक जुना विद्यार्थी हेच काम करून पोट भरतो. नाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. शाळेत असताना मराठीच्या वहीच्या समासात तो माझंच चित्र काढायचा असं पुढे त्याच्या वर्गमित्रांकडून कळलं. नाक जरा जास्तच मोठं काढायचा म्हणे. असो! पुण्याला शिकला, तिथे काही वर्षं नोकरी केली, आणि आता गावातच एका खोलीत टेबल, संगणक आणि पाटीएवढा टॅबलेट मांडून बसतो. निवृत्त माणसाकडे वेळच वेळ असतो, त्यामुळे मी अधूनमधून त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसतो. त्याची माझ्याविषयी तक्रार नाही, निदान तोंडावर तरी नाही.

त्याच्याकडे दोन तऱ्हेची कामं चालतात. एक व्यक्तिचित्रं, त्यातली बरीचशी गेलेल्या माणसांची. दुसरी गमतीची चित्रं, जी तो कुणी न सांगता काढतो. आमचा भाग उसाचा. गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने काठोकाठ भरून रस्त्याने चाललेल्या असतात. त्याच्या चित्रात तो ट्रॅक्टर साळिंदर झाला आहे आणि मागून दोन पिल्लं चालली आहेत. एस.टी. स्टँडवरची लाल गाडी म्हशीसारखी रवंथ करत बसली आहे आणि कंडक्टर तिला शेपटीला धरून उठवतो आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी आमच्या गावी मुक्कामाला येते. त्या दिवसांतलं एक चित्र मला फार आवडतं : एका वारकऱ्याच्या छत्रीवर छोटासा ढग मांडी घालून बसला आहे आणि फुकटात पंढरीला निघाला आहे.

आता ही चित्रं होतात कशी ते सांगतो, कारण "त्यात काय एवढं?" याचं उत्तर तिथेच आहे.

गेलेल्या माणसाचं चित्र करायचं म्हटलं की घरचे लोक काय घेऊन येतात? आधार कार्डाची झेरॉक्स! त्या फोटोत तर कोणताही माणूस घाबरलेलाच दिसतो. नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला फोटो, त्यात मागच्या रांगेत अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा आणि त्यावरही मंडपाची सावली. माझा विद्यार्थी तो फोटो बाजूला ठेवतो आणि विचारायला लागतो. म्हातारी पदर डोक्यावरून घ्यायची की खांद्यावरून? हसताना तोंडावर हात धरायची का? ऐकताना मान कुठल्या बाजूला कलायची? कुंकू केवढं? रागावली की बोलायची की गप्प व्हायची? घरचे आधी गोंधळतात. मग एकजण एक सांगतो, दुसरा म्हणतो, "नाही, तसं नव्हतं," आणि बोलता बोलता ती बाई हळूहळू त्या खोलीत येऊन बसते. तासभर जातो, पण पेन अजून हातात घेतलेलं नसतं. मी एकदा विचारलं, "अरे, पदर फोटोत दिसतोय की. विचारतोस कशाला?" तर म्हणाला, "सर, फोटोत त्या दिवशीचा पदर आहे. मला रोजचा पाहिजे."

त्यानंतर मिळतील तेवढे फोटो गोळा करतो. एका फोटोत एकच क्षण सापडतो. चार फोटोंत जे सारखं राहतं, तो चेहरा. मग काडेपेटीएवढ्या आकाराची सहा-सात चित्रं काढतो. त्यांत ना डोळे ना नाक, फक्त उजेड कुठे आणि अंधार कुठे. ती काढताना डोळे किलकिले करून बघतो. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असावा. पण डोळे अर्धवट मिटले की बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि मोठे आकार तेवढे उरतात, ही चित्रकारांची जुनी युक्ती आहे. माणूस ओळखू येतो तो पापण्या आणि सुरकुत्यांमुळे कमी, दोन डोळ्यांत अंतर किती, नाकापासून ओठ किती दूर, जबडा कुठे वळतो, या मापांमुळे जास्त. माप चुकलं तर हजार सुरकुत्या काढल्या तरी माणूस परकाच. नवशिक्यांची एक ठरलेली चूक त्यानेच मला दाखवली. सगळे डोळे फार वर काढतात. प्रत्यक्षात डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. कपाळात आपल्याला बघण्यासारखं काही वाटत नाही, म्हणून आपण त्याला जागाच कमी देतो. आरशासमोर उभं राहून पट्टीने मोजून बघा. मी बघितलं!

मग टॅबलेटवरचं काम. फिकट निळ्या रेषेत कच्चा आराखडा. त्यावर दुसरा थर, त्यात पक्की रेषा. खाली तिसरा थर, त्यात रंग. हे थर एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे असतात. एक काढला, दुसरा घातला, बाकीच्यांना धक्का नाही. पेन दाबलं की रेषा जाड, हलकं धरलं की बारीक. अधूनमधून एक बटण दाबून तो सगळं चित्र उलटं करतो, डावीकडचं उजवीकडे. उलटं झालं की तिरका झालेला जबडा, वर चढलेला कान लगेच डोळ्यांत भरतो. मी म्हटलं, ही सोय चांगली आहे. तो म्हणाला, जुने चित्रकार हेच काम आरशात बघून करायचे. म्हणजे बघा, यंत्रातली ही सोय नवी असली तरी शंका जुनीच आहे : मी खरंच पाहतो आहे, की मला जे वाटतं ते काढतो आहे?

यंत्राने एक मात्र नवं दिलं आहे, ते म्हणजे मागे जाण्याचं बटण. रेषा चुकली की पुसली, मागे डाग नाही की खाडाखोड नाही. काही जुने लोक यालाच नावं ठेवतात. म्हणतात, चुकण्याची भीती गेली म्हणून हाताची शिस्त गेली. मला मास्तर म्हणून वेगळं वाटतं. फळ्यापाशी आलेलं पोर चुकण्याच्या भीतीने थरथरत असेल तर त्याच्याकडून शुद्धलेखनही नीट होत नाही. एस.टी.ची म्हैस आणि साळिंदराचा ट्रॅक्टर त्या निर्धास्तपणातून आले आहेत. पण त्याच विद्यार्थ्याला व्यक्तिचित्र करताना पाहा. एका डोळ्याच्या कडेसाठी तो वीस वेळा मागे जातो. बटण मागे नेतं, पण कुठे थांबायचं ते त्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

साधन बदललं की कला संपली, ही ओरड नवी नाही. १८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली तेव्हापासून व्यक्तिचित्रकारांचं आता कसं होणार ही चिंता लोक करत आले आहेत. तरी त्यानंतर, १८५७ साली, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. कॅमेरा घराघरांत पोचल्यावर २००६ साली मुंबईचे चित्रकार वासुदेव कामत यांना अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचं मोठं पारितोषिक मिळालं, ते पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी. इंग्लंडचे डेव्हिड हॉकनी सत्तरी उलटल्यावर आधी फोनवर आणि २०१० पासून आयपॅडवर चित्रं काढू लागले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या २०१८ च्या रंगीत काचेच्या खिडकीचा आराखडाही त्यांनी आयपॅडवरच केला. आणि ज्या पंढरपुरात आमचा पालखीमार्ग संपतो, तिथे जन्मलेले मकबूल फिदा हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत होते. तेही 'बाजारू काम' म्हणून हिणवलं जाणारंच होतं की!

आपल्या मराठी वाचकांना तर हे सहज समजायला हवं, कारण आपण वसंत सरवटे यांच्या रेषांवर वाढलो आहोत. १९२७ साली कोल्हापुरात जन्मलेले सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंते होते. नोकरी सांभाळून त्यांनी चित्रं काढली, पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांसाठी काढली, 'ललित'च्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर अनेक वर्षं मराठी लेखकांची अर्कचित्रं मांडली. २०१६ साली ते गेले. 'अर्कचित्र' हा शब्दच किती नेमका आहे! वाढवून-चढवून काढलेलं चित्र असा अर्थ त्यात नाही. फुलं उकळून अर्क काढतात तसा माणसाचा अर्क काढायचा. जयवंत दळवी 'ललित'मध्ये 'ठणठणपाळ' या टोपणनावाने लिहीत तेव्हा त्या ठणठणपाळाला सरवट्यांनी रूप दिलं. जो माणूस जगात नाही, ज्याचा फोटो असणंच शक्य नाही, त्याचं चित्र! हातात होते फक्त शब्द. माझा विद्यार्थी घरच्यांच्या आठवणी ऐकून म्हातारीचं चित्र करतो, ते मला याच घराण्यातलं काम वाटतं.

गमतीच्या चित्रांसाठी शि. द. फडणीस यांचं नाव घ्यायला हवं. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी १९२५ साली जन्मलेल्या फडणीसांनी २०२५ च्या जुलैत वयाची शंभरी पूर्ण केली. त्यांच्या चित्रांखाली एक शब्द नसतो. प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांची चित्रं होती, आणि बेरीज-वजाबाकीला घाबरणारी पोरं ती पानं स्वतःहून उघडत. गंमत काढणं हे हलकं काम नव्हे. साळिंदरासारखा ट्रॅक्टर काढण्यासाठी साळिंदर आणि ट्रॅक्टर दोन्ही नीट ठाऊक असावे लागतात. उसाची टोकं कुठल्या दिशेला झुकतात, मागच्या ट्रॉलीचं चाक किती दबतं, हे माहीत नसेल तर विनोद पांगळा होतो.

आता आजच्या अवघड प्रश्नाकडे येतो. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये एक लाट आली होती, आठवत असेल. आपला फोटो चॅटजीपीटीला द्यायचा आणि जपानच्या घिबली स्टुडिओच्या शैलीतलं गोंडस चित्र करून घ्यायचं. आमच्या गल्लीतही घराघरांत ती चित्रं झाली. सगळ्यांचे डोळे टपोरे, सगळ्यांचे गाल गुबगुबीत. सासू आणि सून ओळखू येईनात! तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्याला लोक विचारतात, "ते तर फुकटात होतंय, मग तुला पैसे कशाचे द्यायचे?"

यंत्राने चेहरा काढू नये असं माझं म्हणणं नाही. हा प्रयत्नही जुना आहे. अमेरिकेत सुझन ब्रेनन या विदुषीने १९८२ साली अर्कचित्र काढणारा संगणकीय कार्यक्रम केला होता. त्याची युक्ती सोपी : बऱ्याच चेहऱ्यांचा मिळून एक सरासरी चेहरा घ्यायचा, समोरचा चेहरा त्याच्यापासून जिथे जिथे वेगळा आहे ते फरक मोजायचे आणि वाढवायचे. पुढे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं की ओळखीच्या माणसाचं असं वाढवलेलं रेखाचित्र लोक हुबेहूब रेखाचित्रापेक्षा लवकर ओळखतात. म्हणजे आपण माणूस लक्षात ठेवतो तो त्याच्या वेगळेपणाने. आणि त्या घिबली लाटेत झालं ते नेमकं उलट. प्रत्येकाचं वेगळेपण घासून गुळगुळीत केलं आणि एकाच गोड चेहऱ्याजवळ सगळ्यांना नेऊन ठेवलं. करमणूक म्हणून ठीक आहे. पण भिंतीवर हार घालून जो चेहरा आपण पुढची तीस वर्षं बघणार, तो असा कुणाचाही असून कसा चालेल?

याच संदर्भात एक प्रसंग सांगतो, कारण त्यावरून माझं आणि माझ्या विद्यार्थ्याचं अजून एकमत झालेलं नाही. एक गृहस्थ आईचं चित्र करून घ्यायला आले. बाई आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपलेली, काळी-सावळी, गळ्यात काळ्या मण्यांची पोत. मुलाने आता चांगलं घर बांधलं होतं. त्याची मागणी दोन गोष्टींची होती : आई गोरी करायची आणि गळ्यात चार तोळ्यांचा हार घालायचा. विद्यार्थ्याने सांगितलं, "दादा, हार घालतो. रंग नाही बदलणार." गृहस्थ चिडले. पैसे मी देतोय, आई माझी आहे, तू कोण सांगणारा? हा नरमाईनेच म्हणाला, "आई तुमचीच आहे. पण मी गोरी केली तर तुमची राहणार नाही." ते तसेच उठून गेले. आठ दिवसांनी बायकोला घेऊन परत आले. रंग होता तसा राहिला, हार आला. तो हार त्याने वेगळ्या थरावर काढून ठेवला आहे. मला म्हणाला, "सर, त्यांना कधी वाटलं तर तेवढाच बंद करता येईल."

रंगाच्या बाबतीत मी पूर्ण त्याच्या बाजूने आहे. उन्हात राबून काळवंडलेल्या बाईला मेल्यावर गोरी करणं म्हणजे तिचे कष्टच पुसून टाकणं. पण हाराचं मला पटलं नाही. तिने तो कधी घातला नव्हता, तर चित्रात का? त्याचं म्हणणं असं, की चित्रात बसलेली व्यक्ती एक आणि ते रोज बघणारी दुसरी. आईला हार करायचा राहून गेला ही त्या मुलाची बोच आहे आणि तिलाही चित्रात थोडी जागा हवी. मी अजूनही म्हणतो, पोत हवी होती. पण मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की हा वाद होऊ शकला. काय ठेवायचं, काय बदलायचं, कुठे नाही म्हणायचं याचा विचार करणारा, जबाबदारी घेणारा माणूस समोर होता. यंत्राला सांगितलं असतं तर त्याने आई गोरी करून दिली असती, हार घातला असता, वर दोन बांगड्याही चढवल्या असत्या. गृहस्थ खूश होऊन घरी गेले असते आणि आई कशी होती हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नसता.

म्हणून माझं मत असं आहे. चित्र कोळशाने काढलं, रंगाने काढलं की काचेवर काढलं, याला फार महत्त्व देऊ नये. त्यामागे कुणीतरी एका विशिष्ट माणसाकडे वेळ देऊन पाहिलं आहे का, एवढं विचारावं. पाहिलं असेल तर त्या पाहण्याचे पैसे द्यावेत, घासाघीस न करता द्यावेत. एका व्यक्तिचित्राला माझ्या विद्यार्थ्याचे तीन-चार दिवस जातात. आपण गवंड्याला रोज देतो, तेव्हा थापी नवी आहे की जुनी हे बघतो का?

आणि दुसरं, पाहायला शिकवण्याची जागा शाळा आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आल्या आहेत. त्यांत वस्तुचित्र असतं आणि स्मरणचित्रही असतं. समोरची वस्तू पाहून काढा, आणि पाहिलेलं आठवून काढा. चेहऱ्याच्या चित्राला लागणारी सगळी पूर्वतयारी या दोन शब्दांत आहे. पण आज पालक त्या परीक्षांकडे बघतात ते दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी. वार्षिक परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला किंवा इंग्रजीला देऊन टाकण्याची पद्धत मी कित्येक ठिकाणी पाहिली आहे. मुलांच्या हातातला मोबाईल आता क्षणात चित्र काढून देतो, म्हणून चित्रकलेच्या तासाची गरज संपली असं कुणाला वाटत असेल, तर मला उलट वाटतं. आता त्या तासाची खरी गरज आहे. मुलगा चित्रकार होवो न होवो, वर्षातून एकदा तरी त्याने आपल्या आजीला समोर बसवून तासभर तिच्याकडे पाहावं आणि जसं जमेल तसं तिचं चित्र काढावं. डोळे वर जातील, कान वाकडे होतील, आजी हसेल. होऊ द्या. त्या तासात तिच्या भुवईवरचा जुना व्रण त्याच्या लक्षात येईल आणि तो विचारेल, हे कशाने झालं?

घरी नातवंडं असतील तर या रविवारी करून बघा. कागद-पेन्सिल असो नाहीतर टॅबलेट, काहीही चालेल.